चाळिशीनंतर नजर जाऊ लागली, आता कामाचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे-अवजारं बनवणाऱ्या विभागात, लागलो. डाय-पंच बनवणं, सरफेस ग्राइंडर, जिग-फिक्स्चर हे माझं काम. ४१व्या वर्षी डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी 'रेटिनायटिस पिग्मेंटोजा' असं नाव सांगितलं. पडदा हळूहळू निकामी करणारा हा आजार, ज्याला सगळे 'आरपी' म्हणतात. ४५व्या वर्षी मशीन सुटलं. आज मी ५३ वर्षांचा आहे, उजेड आहे की अंधार एवढंच कळतं, आणि रोज कामावर जातो. ओळखीतून कुणाकुणाला माझा नंबर मिळतो आणि फोन येतात. बहुतेक फोन रात्री दहानंतर येतात, घरातले झोपल्यावर. त्या फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

डॉक्टर म्हणाले, "आता यापुढे काही करता येणार नाही." मग?

ते वाक्य उपचारांपुरतं असतं. मी ते माझ्या आयुष्याबद्दल ऐकलं आणि दोन वर्षं तसाच बसून राहिलो.

आधी आजार कोणता ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे नजर कमी झाली म्हटलं की शेजारीपाजारी "मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाका" म्हणून मोकळे होतात. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननंतर दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब वेळेवर घातले तर उरलेली टिकवता येते. म्हणून 'फरक तर काहीच पडत नाही' असं म्हणत थेंब बंद करू नका. फरक न पडणं हाच त्या थेंबांचा उपयोग आहे. मधुमेहामुळे पडदा खराब होत असेल तर लेझर आणि डोळ्यातल्या इंजेक्शनांनी पुष्कळ वाचवता येतं, पण साखर ताब्यात ठेवावी लागते आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो, दिसायला त्रास नसला तरी.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारा: "लो व्हिजन क्लिनिक कुठे आहे?" भिंगं, रंगीत फिल्टरचे चष्मे, अक्षर मोठं करणारी यंत्रं तिथे वापरून बघता येतात. मला हे कुणी सांगितलं नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं. तोवर भिंगाने वाचण्याजोगी नजर गेली होती.

आरपीवर औषध निघालंय असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. जाऊ का?

२०१७ साली अमेरिकेत एका जीन थेरपीला, म्हणजे सदोष जनुकाच्या (जीनच्या) जागी चांगलं जनुक पोचवणाऱ्या उपचाराला, मान्यता मिळाली, ही गोष्ट खरी आहे. पण ती 'आरपीई-६५' या एकाच जीनमधल्या दोषावर आहे आणि तो दोष फार थोड्या रुग्णांत असतो. तुमच्यात आहे का, ते जनुकीय तपासणीतूनच कळेल. बाकी "हमखास गुण" म्हणून थेंब, काढे किंवा स्टेम सेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांकडे जाऊ नका. मी दीड लाख रुपये घालवले. त्यात हिच्या पाटल्या गेल्या. तेवढ्यात लॅपटॉप आला असता, वर वर्षभर शिकता आलं असतं.

कंपनीत सांगू का? अजून थोडं दिसतंय, तोवर रेटता येईल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर मी घाईत देत नाही, कारण मी स्वतः चार वर्षं लपवलं.

आरपीत आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं. मधला तुकडा बराच काळ शाबूत राहतो, नळीतून पाहावं तसा. त्यामुळे समोर ठेवलेलं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, मला वाचता यायचं, पण शेजारी ठेवलेला हातोडा दिसायचा नाही. मी युक्त्या केल्या. सेकंड शिफ्ट टाळली. कासारवाडीच्या पुलावरच्या पायऱ्या मोजून पाठ केल्या. कुणाला धडकलो की "लक्षच नव्हतं" म्हणायचो. माझ्याबद्दल 'हा हल्ली घेतो वाटतं' अशी कुजबुज झाली, तीही चालवून घेतली. दारुडा म्हणवून घेणं मला आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटत होतं.

शेवटी मधला तुकडाही धूसर झाला. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरची रेघ कुठल्या रेघेशी जुळते ते ओळखताना मी अंदाज मारू लागलो. एका डायच्या इन्सर्टची, म्हणजे साच्यात बसवायच्या तुकड्याची, चार भोकं मापाबाहेर गेली. हीट ट्रीटमेंट झालेला, म्हणजे तापवून कडक केलेला माल, दुरुस्त करण्याची सोय नाही. सुपरवायझरने तो इन्सर्ट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही? तुमच्या हातून?" त्या दिवशी मी सगळं सांगितलं. तोपर्यंत उशीर झाला होता, विश्वास गेलेला होता. सहा महिन्यांनी हिशेब करून घरी बसवलं.

त्या चार वर्षांत थोडं दिसत होतं. त्या थोड्या नजरेत टायपिंग शिकलो असतो, काठी शिकलो असतो, खरेदी किंवा स्टोअरमध्ये बदली मागितली असती. म्हणून सांगतो: कागदपत्रं तयार करा, पर्यायी काम काय करू शकता ते एका पानावर लिहा, आणि ते पान घेऊन जाऊन सांगा. नुसतं "मला दिसत नाही" एवढंच सांगितलं की समोरचा घाबरतो. "मला दिसत नाही, पण मी हे, हे आणि हे करू शकतो" असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं.

पण रात्री गाडी चालवू नये एवढंच ना? दिवसा चालते.

नाही. कडेचं दिसत नसेल तर दिवसाही नाही. सायकलवरून आडवं येणारं पोरगं तुम्हाला दिसणारच नाही. आजच किल्ली घरात देऊन टाका. या एका उत्तरात मी कुणाशीही तडजोड करत नाही.

नोकरीवरून काढू शकतात का?

सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर कायदा भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास त्याच्यासाठी निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. तेलंगणातल्या राज्य परिवहनच्या एका बसचालकाला रंग ओळखता येत नाहीत म्हणून घरी पाठवलं होतं. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच पगारात दुसरं काम द्यायला लावलं. शिक्षक, तलाठी, एसटी, वीज कंपनी, महापालिका इथल्या लोकांनी घाईघाईत स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करू नये. "साहेब म्हणाले, हेच तुमच्या हिताचं आहे" असं सांगणारे दोन फोन मला आले आहेत.

खाजगी कंपनीत एवढं संरक्षण नाही. तिथे बोलणी, जुने संबंध आणि तुमची उपयुक्तता यांवर चालतं. मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत (ईपीएस १९९५), नोकरीत असतानाच कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची सेवा झालेली नसली तरी पेन्शन मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय तपासणी होते. राजीनामा देण्याआधी पीएफ कार्यालयात चौकशी करा, नंतर नाही.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढावं का? एकदा शिक्का बसला की बसला.

काढा. शिक्का कागदावर बसतो आणि त्या कागदाने दारं उघडतात.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. चांगल्या डोळ्याने, चष्मा लावूनही, ३/६० (इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरून) पेक्षा कमी दिसत असेल किंवा नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असेल तर कायद्याने तुम्ही अंध. ६/१८ ते ३/६० मध्ये असाल किंवा घेर ४० ते १० अंशांत असेल तर अल्पदृष्टी. आरपी आणि काचबिंदूवाल्यांनी घेराचं कलम लक्षात ठेवावं, आणि फिल्ड टेस्टचा (नजरेचा घेर मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट बरोबर न्यावा. तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली म्हणून परत पाठवलेले लोक मला माहीत आहेत.

कार्ड मिळाल्यावर एसटी-रेल्वेची सवलत, जुन्या कररचनेत उत्पन्नातून वजावट, सरकारी भरतीत अंध-अल्पदृष्टींसाठी एक टक्का आरक्षण. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च होतात, ते ग्रामसेवकाला जाऊन विचारा. विचारणारा कुणी नसला की ते पैसे तसेच पडून राहतात.

आधी काय शिकू?

मोबाइल. बाकी सगळं नंतर.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' आहे, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर'. फुकट आहे, फोनमध्येच आहे. चालू केलं की बोट जिथे टेकवाल ते फोन बोलून दाखवतो. दोनदा टॅप केलं की उघडतं. पहिल्या दिवशी मुलाला जवळ बसवा, कारण ते बंद करता आलं नाही तर घाम फुटतो. मी पहिला आठवडा फक्त बोट सरकवत ऐकत होतो. पंधराव्या दिवशी स्वतःचा स्वतः बहिणीला फोन लावला. सुरुवातीला आवाजाचा वेग अगदी हळू ठेवा, दर आठवड्याला थोडा वाढवा. आता माझा फोन ज्या वेगाने बोलतो त्यातलं घरात कुणालाच काही कळत नाही. मला शब्द न् शब्द कळतो.

मग कॉम्प्युटर. त्यावर 'एनव्हीडीए' नावाचा फुकट स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, घाला. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो २००६ साली लिहायला घेतला, तो मराठीही वाचतो. माउस बाजूला ठेवायचा, सगळं कीबोर्डवर. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तर्जनी तिथे ठेवून बसायचं. पंचवीस-सव्वीस वर्षं मी त्या बोटांनी बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला राहणारी बारीक धारदार कोर, शोधली होती, त्यामुळे ते उंचवटे लगेच ओळखीचे झाले.

शिकायला जागा आहेत. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून. सेंट झेवियर्स कॉलेजात अंधांसाठीचं रिसोर्स सेंटर. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. गाव लांब असेल तर फोन करून विचारा, दूरस्थ वर्ग आहेत का. तिथे जाण्याचा आणखी एक फायदा होतो, जो कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो: आपल्यासारखा माणूस कामावरून थेट क्लासला आलेला भेटतो, डबा उघडतो, ट्रॅफिकला शिव्या देतो. ते ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच समुपदेशनाने आला नाही.

पण काम कुठलं करू? मला तर आयुष्यभर एकच काम येतं.

लोक लगेच यादी मागतात. टेलिफोन ऑपरेटर, मेणबत्त्या, खुर्च्या विणणं, मसाज. ही कामं चांगली आहेत. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांनी नजर गेल्यावर मेणबत्त्यांचा केवढा उद्योग उभा केला आणि कितीतरी अंधांना काम दिलं. पण पंचेचाळिशीत आपण कोरी पाटी घेऊन आलेलो नसतो. पंचवीस वर्षांचं ज्ञान बरोबर असतं, आणि मला वाटतं ते टाकून देऊन पहिलीपासून सुरुवात करण्याची चूक सगळ्यात महाग पडते.

एक काम करा. तुमच्या जुन्या कामाचा एक पूर्ण दिवस, सकाळी आल्यापासून, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना लिहून घ्यायला लावा. मग प्रत्येक कामापुढे विचारा: हे डोळ्यांनी होत होतं की डोक्याने?

माझं असं निघालं. ग्राइंडिंग, मोजमाप, ड्रॉइंग वाचणं डोळ्यांनी. पण ग्राहकाने जॉब सांगितल्यावर किती तासांचं काम, कुठलं स्टील, हीट ट्रीटमेंट कुणाकडे, कोण वेळेवर देतो आणि कोण फसवतो, हे सगळं डोक्यात. स्टीलचं वजनसुद्धा. २०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरची प्लेट म्हणजे १५०० घन सेंटिमीटर, गुणिले स्टीलची घनता ७.८५, म्हणजे पावणेबारा किलोला थोडं जास्त. हे मी चहा पिता पिता सांगतो. त्याला डोळे कशाला लागतात?

माझ्याबरोबर अ‍ॅप्रेंटिस असलेल्या एका मित्राचं चाकणला छोटं वर्कशॉप आहे. त्याची कोटेशनं नेहमी उशिरा जायची, कारण तो स्वतः मशीनवर. मी म्हणालो, तीन महिने पगार देऊ नकोस, मला कोटेशन आणि व्हेंडरचा पाठपुरावा करू दे. ड्रॉइंग तो किंवा त्याचा मुलगा मला वाचून दाखवतो, दहा मिनिटं लागतात. एक्सेल मी एनव्हीडीएवर भरतो. चौथ्या महिन्यापासून पगार सुरू झाला. मशीनवर मिळायचा त्यापेक्षा कमी आहे, हे लपवत नाही. दोन वर्षं घर हिच्या शिवणकामावर चाललं.

हीच रीत इतरांनाही लागू पडलेली पाहिली. एक शिंपीबाई होत्या, त्या आता कापड निवडून देतात, बोटांत फिरवून सुताचा पोत सांगतात, आणि मुली ठेवून बेतायला शिकवतात. एक शिक्षक फळ्याऐवजी तोंडी शिकवतात, वह्या सहकारी तपासतो. एक एलआयसी एजंट तर म्हणाले, "मला काय बदलायचंय? मी आधीपासून बोलूनच खातो." शेती असेल तर धार काढणं, बियाणं-खतांचा हिशेब, मजुरांशी बोलणी हे सुटत नाही. फवारणी मात्र दुसऱ्यावर सोपवा.

ज्यांचं जुनं काम पूर्णच डोळ्यांचं होतं, म्हणजे ड्रायव्हर, रंगारी, फोटोग्राफर, त्यांना खरंच वळावं लागतं. तरी ड्रायव्हरला रस्ते, टोल, गॅरेजवाले तोंडपाठ असतात. ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात फोनवर त्या माहितीला किंमत आहे.

वय सत्तेचाळीस. मला कोण घेणार?

अनोळखी माणूस बहुधा घेणार नाही. ओळखीचा घेईल. नोकरीच्या जाहिरातींमागे वर्ष घालवण्यापेक्षा तुमच्या हाताचं काम पाहिलेल्या वीस माणसांना फोन करा. मी सतरा जणांना केले. अकरा जणांनी सहानुभूती दाखवली, चौघांनी "बघतो" म्हटलं, एकाने फोन उचलला नाही. उरलेला एक तो चाकणचा मित्र.

काठी घेतली की लोक बघतात.

बघू दे. काठी घेण्याआधी लोक अंगावर ओरडायचे, "दिसत नाही का?" काठी घेतल्यापासून तेच लोक बाजूला होतात. काठीची लांबी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत असावी. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, डावा पडताना उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार तिथे काठी आधी जाऊन आलेली असते. हे शिकवणाऱ्याकडूनच शिका. आणि थोडं दिसत असतानाच शिका.

नजर गेलीय तरी मला नक्षी आणि चेहरे दिसतात. वेड लागतंय का?

नाही. कृपया घाबरू नका, आणि हे मनात ठेवून कुढू नका. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. १७६० साली बोने नावाच्या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांना असं दिसतं हे लिहून ठेवलं होतं. डोळ्यांकडून चित्र येणं कमी झालं की मेंदू स्वतःची चित्रं काढतो. मला जुन्या वाड्यातल्या फरशीसारखी काळी-पांढरी नक्षी दिसायची, भिंतभर. हे खरं नाही हे आपल्याला कळत असतं, हीच त्याची खूण. डॉक्टरांना सांगा. पण आवाजही ऐकू येत असतील किंवा ते खरंच वाटत असेल तर लगेच दाखवा.

मुलांना होईल का?

आजारावर अवलंबून आहे. काचबिंदू असेल तर भावंडं आणि मुलं यांनी डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. आरपी वेगवेगळ्या तऱ्हांनी वारशाने येतो. त्यातल्या एका प्रकारात आई-वडील दोघांकडून दोष यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. माझे आई-वडील मामे-आतेभावंडं. यात कुणाचा दोष नाही, आईला मी हे कधी बोललो नाही. पण मुलीच्या लग्नाआधी जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन आलो.

घरचे काहीच करू देत नाहीत.

प्रेमापोटी करतात, आणि त्यानेच माणूस पांगळा होतो. हात धरून ओढू नका, असं त्यांना सांगा. आपण त्यांचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, पायरी आली की त्यांच्या कोपरावरूनच कळतं. घरातलं एक काम स्वतःकडे मागून घ्या, रोजचं, चुकलं तर सगळ्यांना कळेल असं. मी सकाळचा चहा घेतला. कपाच्या काठाआत बोटाचं टोक ठेवायचं, आणि कप भरत आला की ओतण्याचा आवाज बारीक होत जातो तिकडे कान द्यायचा. पहिल्या महिन्यात दोन कप फुटले. हिने तोंडातून शब्द काढला नाही, नुसती कुंचा घेऊन आली.

रात्र रात्र झोप येत नाही. जगावंसं वाटत नाही.

तर आत्ता, हे वाचणं थांबवून, १४४१६ लावा. ही 'टेलि-मानस' सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी त्या वळणावरून गेलो आहे. माझ्या वेळी हा नंबर नव्हता, मोठा भाऊ होता, तो पंधरा रात्री माझ्या खोलीत झोपला. दुःख करायला वेळ घ्या, डोळे गेलेत, लहान गोष्ट नाही. पण एकट्याने करू नका.

पैशांचे व्यवहार कसे?

चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यांपैकी काहीही दिसत नाही म्हणून नाकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच तसं बजावलं आहे. शाखेत "जॉइंट खातं करा" असा आग्रह झाला तर शांतपणे लेखी कारण मागा. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' अ‍ॅप आहे, इंटरनेट नसलं तरी चालतं. मी तरी घड्यांवर चालतो: पाचशेची सरळ, दोनशेची आडवी घडी, शंभरची उभी. पाकिटात घालायच्या आधी घरीच लावून घेतो.

या वयात ब्रेल शिकण्यात अर्थ आहे का?

पुस्तकं वाचण्यासाठी म्हणाल तर फोन पुरेसा आहे. पण बाटल्या, बरण्या, फायली, औषधांच्या पट्ट्या यांवर नाव लिहायला ब्रेलसारखं काही नाही. ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांच्या एका खणात बसतं. माझ्या बोटांना घट्टे होते, सहा ठिपक्यांतला चौथा लागतच नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी टोकाऐवजी बोटाची गादी टेकवायला लावली, आणि दाबू नका म्हणाल्या, नुसतं फिरवा. दोन महिने लागले. 'मीठ' हा मी लिहिलेला पहिला शब्द, तीन खणांचा. ती पट्टी अजून आमच्या बरणीवर आहे, आता थोडी झिजली आहे.